सोन्यामागचे पोलाद : चिंचणीच्या साच्यांविषयी

गेल्या वर्षी एम.ए.च्या वर्गात संत नरहरी सोनारांचा तो सर्वपरिचित अभंग शिकवीत होतो. सोनाराच्या दुकानातले एकेक साहित्य त्यात येते आणि प्रत्येकाला परमार्थातला एकेक अर्थ लाभतो. बागेसरी म्हणजे शेगडी, मग मूस, फुंकणी, हातवडा, कातरी, ताजवा. रूपकाची उकल झाल्यावर सवयीने विचारले, की यांतली कोणती वस्तू तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे? बहुतेकांनी नकारार्थी माना हलवल्या. चिंचणीहून येणारी एक विद्यार्थिनी मात्र म्हणाली, "सर, यात डाय नाही."

मी क्षणभर गोंधळलो. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या संतकवीकडून 'डाय'ची अपेक्षा! पण तिचे निरीक्षण चुकीचे नव्हते. ज्याला तिच्या घरी डाय म्हणतात, तो दागिन्याचा साचा किंवा ठसा त्या यादीत खरोखरच नाही. दुसऱ्या दिवशी तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेला पोलादाचा एक ठोकळा आणला. मुठीत मावेल एवढा, पण हातात घेतल्यावर दचकायला लावील इतका जड. त्याच्या वरच्या तोंडावर एक खळगा कोरलेला होता. मला तो प्रथम नीट वाचताच आला नाही, कारण जे उंच असायला हवे ते खोल होते आणि डावे ते उजवे. तिने चॉकलेटच्या वेष्टणाची चंदेरी पन्नी त्यावर ठेवली, वरून खोडरबर दाबले आणि पन्नी अलगद सोडवली. एक कासव उमटले होते. कोल्हापुरी साजातले कासवाचे पान. पाठीवरच्या चौकटींसकट, चारी पायांच्या नखांसकट.

तिचे आजोबा साचे करीत. दागिना त्यांनी स्वतः कधी घडवला नाही.

पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावरचे चिंचणी हे गाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते समुद्रकिनारा, सुरूची बने आणि शेजारचे तारापूर यांमुळे. पण सोन्याचांदीच्या व्यापारात या गावाची ओळख वेगळी आहे. इथे आणि आसपासच्या गावांत घराच्या पडवीत, माळ्यावर, कधी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून दागिन्यांचे साचे कोरणारे कारागीर आहेत. मुंबईच्या झवेरी बाजारात जे उठावाचे काम विकले जाते, त्यातल्या कित्येक पाकळ्या, मणी, मोर आणि कोयऱ्या पहिल्यांदा अस्तित्वात आल्या त्या इथे, पोलादात आणि उलट्या. दागिना ज्याच्या नावाने विकला जातो तो सराफ आणि ज्याने घडवला तो सोनार आपण ओळखतो. साचा कोरणारा तिसरा माणूस मात्र व्यवहाराच्या पडद्याआड राहतो.

त्या कासवाच्या निमित्ताने मी ज्या प्रश्नात गुंतलो तो असा : सोन्याचा इतिहास गोळा करायचा झाला तर गोळा काय करायचे?

उत्तर सोपे वाटते. जुने दागिने, जुनी नाणी. पण सोन्याचा एक स्वभाव आहे : ते आपल्या रूपाची आठवण ठेवत नाही. आपली भाषा या बाबतीत फार नेमकी आहे. मंगळसूत्र तुटले असे आपण म्हणत नाही, 'वाढले' म्हणतो. बांगडी फुटली तरी ती 'वाढवली' जाते. अशुभ नको म्हणून शब्द उलटा घालायचा. पण दागिना विकून त्याचा पैसा करायचा असतो तेव्हा आपण सरळ 'मोडला' म्हणतो. सराफाच्या दुकानात जुन्या दागिन्याला नावच 'मोड'. तिथे आजीची बोरमाळ आणि कुणाच्या सासूचा तोडा एकाच मुशीत जातात, आणि बाहेर येते ती लगड. तिच्यावर ना आजीचे नाव, ना घडवणाऱ्याचे. घडणावळ बुडते, घाट बुडतो, उरते ते वजन आणि कस.

माझ्या आजीची पुतळ्यांची माळ अशीच मोडली. त्या पैशांवर वडिलांचे शिक्षण झाले, तेव्हा तक्रार करायला जागा नाही. घरात राहिले ते सराफाने तोळे-मासे लिहून दिलेले एक चिटोरे. माळ मी पाहिलेली नाही. मात्र पुतळी म्हणजे काय हे पुढे वाचनात आले तेव्हा त्या चिटोऱ्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. पुतळी हे मूळ व्हेनिसचे सोन्याचे नाणे, ड्युकॅट. त्यावर संत मार्क आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा डोज. अरबी समुद्रावरून ते आपल्याकडे आले, त्याच्या शुद्धतेवर लोकांचा विश्वास बसला आणि मग इथल्या ठसेकारांनी त्याच्या नकला कोरल्या. त्यांना लॅटिन येत नव्हते, म्हणून अक्षरांच्या जागी अक्षरांसारख्या नुसत्या रेघा आल्या. संत आणि डोज यांच्या आकृतींत लोकांना आपले देव दिसू लागले. एका संस्कृतीतून दुसऱ्या संस्कृतीत प्रतिमा कशी स्थलांतर करते यावर आपण परिसंवाद घेतो. ते स्थलांतर प्रत्यक्षात घडले ते ठशावर छिन्नी धरणाऱ्या हातात. आजीच्या माळेतल्या पुतळ्यांवर रेघा होत्या की अक्षरे, हे आता कळण्याचा मार्ग उरलेला नाही.

अलंकार आणि सुवर्ण हा दृष्टान्त आपल्या वर्गात वर्षातून चारदा तरी येतो. छांदोग्य उपनिषदापासून चालत आलेली ही कल्पना ज्ञानदेवांच्या हाती फार देखणी झाली. अलंकारांची नावे निराळी, रूपे निराळी, आत सोने एकच. रूप गेले तरी सोने जात नाही. मी हे वर्षानुवर्षे शिकवले, आणि तत्त्व म्हणून ते मला आजही पटते. पण त्या दृष्टान्तात इतिहासाच्या दृष्टीने एक संकट दडलेले आहे हे कासवाने लक्षात आणून दिले. जे नामरूप वेदान्ती मिथ्या म्हणून बाजूला ठेवतो, नेमके तेच तर इतिहासाला हवे असते. सोने काय, ते कालही होते आणि उद्याही राहील.

नाण्यांचा दाखला याहून बोलका आहे. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी शिवछत्रपतींनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. त्यांपैकी शिवराया महाराष्ट्रभर सापडतात; तांब्यापितळेच्या मोडीतून, बाजारातल्या ढिगांतून संग्राहकांनी त्या निवडून काढल्या, त्यांवरच्या अक्षरांच्या वळणांचे आणि ठशांतल्या फरकांचे वर्गीकरण केले. होन मात्र हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच उरले. ज्याला मोल जास्त ते आटवले गेले, ज्याला मोल कमी ते राहिले. मराठी राज्याच्या नाण्यांचा अभ्यास आज मुख्यतः हलक्या धातूवर उभा आहे.

चिंचणीला हे कुणी सांगण्याची गरज नाही, कारण चिंचणीचा जुना इतिहासही असाच हलक्या धातूत सापडला. १९५५ मध्ये इथल्या एका शेतकऱ्याला जमिनीत ताम्रपट मिळाले. एकूण पाच दानलेख. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून 'एपिग्राफिया इंडिका'च्या बत्तिसाव्या खंडात प्रसिद्ध केले. त्यांतला पहिला राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके ८४८ म्हणजे इ.स. ९२६ चा. त्या वेळी संजान मंडळाचा कारभार पाहणारा अधिकारी होता मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब. मधुमती हे महंमद या नावाचे संस्कृत रूप. त्याने प्रवाशांसाठी विनामूल्य नावा ठेवल्या आणि भात, कालवण व तूप मिळेल असे अन्नछत्र घातले, असे लेख सांगतो. त्याच लेखात एका ब्राह्मणाने उभारलेल्या देवीच्या मठिकेला जमीन दिल्याची नोंद आहे. अरब अधिकारी, देवीचा मठ, राष्ट्रकूट सम्राट. एका ताम्रपटावर इतके सगळे.

मला त्याहून अधिक खिळवून ठेवतो तो दुसरा लेख, तिसऱ्या कृष्णाच्या काळातला. भिल्लमाल, म्हणजे आजचे राजस्थानातील भीनमाळ, तिथून आलेल्या व्यापाऱ्यांनी इथे एका देवाची स्थापना केली होती. त्या देवाच्या जमिनीवरून मठाशी तंटा झाला आणि शेवटी मठाने देवाला ४० द्रम्म द्यावेत असा निवाडा ठरला. द्रम्म म्हणजे चांदीचे नाणे. मूळ शब्द ग्रीक 'द्राख्मे'. संस्कृतात द्रम्म, आणि आपल्या तोंडी दाम. 'दामदुप्पट' म्हणताना आपण नकळत ग्रीक बोलत असतो. (हे वर्गात सांगितले की मागच्या बाकांवरही जाग येते.) कोकणात चांदीची खाण नाही, ही चांदी समुद्रावरून, व्यापाराच्या वाटेने आली. त्या ४० द्रम्मांपैकी एकही आज 'हाच तो' म्हणून दाखवता येणार नाही. पण ते देण्याचे वचन ज्यावर कोरले ते तांबे शाबूत आहे. त्या तांब्याचे भाग्यही म्हणायला हवे. कित्येक ताम्रपट तांबटाच्या भट्टीत जाऊन त्यांची भांडी झाली असतील. शेतात गाडलेले राहिले म्हणून हे वाचले.

सोन्याचांदीच्या खाणींकडे पाहिले तरी हीच गोष्ट दिसते. अमेरिकेत, इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमध्ये आणि ऑस्ट्रेलियात जुन्या खाणींच्या आठवणी जमवणाऱ्यांचा एक मोठा पंथ आहे. ते सोने जमवीत नाहीत. ते जमवतात कार्बाइडचे दिवे, खाणीत उतरताना मजुराला दिला जाणारा क्रमांकाचा पितळी बिल्ला, सुरुंगाच्या टोप्यांचे पत्र्याचे डबे, कस तपासणाऱ्याचा तराजू, बुडालेल्या कंपन्यांचे भागपत्र. १८८० च्या सुमारास दक्षिणेतल्या वायनाडमध्ये सोने आहे अशी हवा उठली आणि लंडनमध्ये डझनावारी कंपन्या निघाल्या. सोने निघाले ते नाममात्र. भागधारकांच्या हाती राहिला तो छापील कागद. त्याच सुमारास कोलारला जॉन टेलर कंपनीने खाणकाम हाती घेतले. तीन किलोमीटरहून खोल गेलेली ती खाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. तिथले सोने जगभर पांगले. गावात उरले ते सायनाइडने धुतलेल्या मातीचे डोंगर. राजस्थानात झावरच्या प्राचीन खाणींजवळ जस्त गाळण्यासाठी मातीच्या नळ्या वापरीत. काम संपल्यावर फेकलेल्या त्या नळ्या गावकऱ्यांनी घरांच्या भिंतींत विटांसारख्या रचल्या, आणि झावरचा इतिहास सांगताना आज त्या भिंतींचाही आधार घेतला जातो.

आणि मस्की. रायचूर जिल्ह्यातले हे गाव हुट्टीच्या सोन्याच्या खाणीपासून जवळ आहे. १९१५ मध्ये निजामाच्या राज्यातल्या त्या भागात बीडन नावाचा अभियंता सोन्याच्या शोधात हिंडत होता. त्याला सापडला एक शिलालेख. 'देवानांप्रिय' या उपाधीमागे लपलेला राजा म्हणजेच अशोक, हे त्या शिळेवरच्या नावाने निःसंशय झाले. बीडनचे नाव आज राहिले आहे ते त्याला न मिळालेल्या सोन्यामुळे नव्हे.

महाराष्ट्रात असा खाणींचा वारसा नाही. विदर्भातल्या नद्यांची वाळू धुऊन कण काढणारे सोनझारी आहेत, आणि सराफकट्ट्यावर दुकानांचा केर विकत घेऊन तो धुणारे झारेकरी. हा केर विकत मिळतो, फुकट नाही, हे सांगितल्यावर विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटते. सोने इतके कण न् कण वेचले जात असेल, तर त्याचे जुने रूप टिकण्याची आशा कुठून ठेवायची? ती ठेवायची तर साच्यांत. आमच्या भागापुरता खाणीतल्या दिव्यांच्या आणि बिल्ल्यांच्या जागी बसणारा ऐवज म्हणजे चिंचणीचे हे ठोकळे.

त्या विद्यार्थिनीबरोबर मी तिच्या घरी गेलो. आजोबा आता काम करीत नाहीत. नजर गेली आहे, निदान साच्यापुरती तरी. त्यांनी सांगितलेली रीत थोडक्यात देतो. पोलादाचा तुकडा आधी भट्टीत तापवून सावकाश निवू द्यायचा, म्हणजे तो मऊ होतो. तोंड कानशीने सपाट करायचे. त्यावर आकृती उलटी आखायची आणि छिन्न्यांनी खोदत जायचे. या छिन्न्या बाजारात मिळत नाहीत. प्रत्येक कारागीर आपल्या हाताला बसतील अशा स्वतः करतो. मधूनमधून मेण दाबून उठाव पाहायचा. मनासारखे उतरले की पुन्हा लाल करून पाणी द्यायचे, म्हणजे पोलाद कठीण होते. इथे जर तडा गेला तर आठ-पंधरा दिवसांची मेहनत वाया. "पाणी देताना मी कुणाशी बोलत नसे," ते म्हणाले. पुढे सोनार त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाबतो, दोन अर्धुके झाळून जोडतो, पोकळीत लाख भरतो.

'पाणी' या शब्दाचा हा प्रवास एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधिकेसाठी घ्यावा. मोत्याला पाणी असते, तलवारीला पाणी असते, पितळेला सोन्याचे पाणी देतात, आणि साच्याला पाणी देतात ते कठीण करण्यासाठी. शब्दकोशात हे सारे अर्थ एका ओळीत मिळतात, पण ऐकू येतात ते वेगवेगळ्या ओट्यांवर.

आजोबांनी एक साल मात्र न विचारता सांगितले. १९६३. त्या वर्षी जानेवारीत मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम लागू झाला आणि १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवण्यावर बंदी आली. चीनबरोबरच्या युद्धानंतर परकीय चलनाची चणचण आणि सोन्याची चोरटी आयात ही त्यामागची कारणे. देशभरातले सोनार बेकार झाले. आत्महत्यांच्या बातम्या आल्या. साचेकारांची अडचण मी कुठे वाचली नव्हती. २२ कॅरटचा पत्रा मऊ, तो साच्याच्या खोलीत उतरतो. १४ कॅरटमध्ये शेकडा ५८ च्या आसपासच सोने; मिश्रण कडक, पत्रा खोल नक्षीत नीट बसत नाही. म्हणजे सोनाराला काम मिळाले तरी जुने खोल साचे निरुपयोगी. आजोबा तेव्हा शिकाऊ होते. त्यांच्या उस्तादांनी त्या काळात उथळ नक्षीचे साचे कोरून पाहिले, काहींनी हत्यारे बांधून ठेवली आणि मासेमारी नाहीतर वाडीची वाट धरली. १९६६ मध्ये १४ कॅरटची अट गेली, पण १९६८ च्या कायद्याने बाकीची बंधने पक्की केली. तो कायदा रद्द झाला १९९० मध्ये. आजोबांकडे त्या तीन वर्षांतले दोन उथळ साचे होते. धोरणाचा इतका थेट पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही : अर्थमंत्र्यांचा एक हुकूम, आणि चिंचणीतल्या एका फुलाची खोली कमी झालेली.

होते, असे मी लिहिले. कारण मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ते नव्हते. घरात रंगकाम निघाले, माळा रिकामा केला, आणि गोणभर ठोकळे भंगारवाल्याला वजनावर दिले. त्यात कुणाचा दोष काढावा? आता नक्षी संगणकावर काढतात, यंत्र साचा कोरते, किंवा साच्याशिवायच ओतकाम होते. हातकोरीव जुन्या साच्याला मागणी नाही आणि माळ्याला जागा हवी. एक कारण वेगळेही ऐकले. जुना साचा बाहेर गेला की नक्षी बाहेर जाते, म्हणून काही घरांत तो कुणाला देण्यापेक्षा भंगारात देणे बरे मानतात. वितळला की गुपित राहिले. यात स्वाभिमान आहे, आणि तो मला समजतो. तरी हळहळ वाटते.

एका संग्रहालयाकडे पत्र पाठवून पाहिले. उत्तर सौजन्याचे होते : वस्तू शंभर वर्षे जुनी आहे का, तिच्यावर लेख किंवा सन आहे का? १९७२ च्या पुरावशेष कायद्याची मर्यादा शंभर वर्षांचीच आहे, तेव्हा प्रश्न गैर नव्हता. पण साच्यावर कुणी सन कोरीत नाही आणि साचेकार आपले नाव घालीत नाही. उलटे कोरलेले नाव दागिन्यावर सुलटे उमटेल, आणि ते कुठल्या सराफाला चालेल?

तेव्हा आम्ही स्वतःच एक वही घातली आहे. वस्तू मागायची नाही, कारण ती देण्यातली अडचण आता कळली आहे. साचा पाहायचा, पन्नीवर ठसा घ्यायचा, छायाचित्र काढायचे आणि कारागीर त्या नक्षीला ज्या नावाने ओळखतो ते नाव त्याच्याच उच्चारात लिहायचे. कुठल्या दागिन्यासाठी, कुणी शिकवला, केव्हाचा. कारागिराची हरकत असेल तर पन्नी त्याच्याकडेच ठेवायची आणि फक्त शब्द आणायचे. दोन विद्यार्थी आणि ती मुलगी रविवारी जातात. मी अधूनमधून जातो आणि बहुधा अडचण करतो. मला 'उठाव' आणि 'घाट' यांतला फरक अजून बोटांनी कळत नाही, आणि त्यांना तो बोटांनीच सांगायचा असतो.

गेल्या रविवारी वरोरच्या एका घरात त्यांना वीतभर लांबीचा, कडा झिजलेला एक साचा मिळाला. ओळीने सात आकृत्या. पहिल्या तीन मासोळ्या, हे पन्नीवर स्पष्ट दिसते. पुढच्या चार काय आहेत ते घरातल्या कुणालाही सांगता आले नाही. वहीत त्यांच्यापुढची जागा कोरी ठेवली आहे. त्या घरातली एक आत्या दिवाळीला डहाणूहून येते, तिला माहीत असेल असे म्हणतात.